जुनी जीप मापात आणताना

मनमाड स्टेशनाने कित्येक वर्षे दोन मापांचे रूळ सांभाळले. मुंबई-भुसावळ मार्गाचा ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, तर औरंगाबाद-काचिगुड्याकडे जाणारा मीटरगेज १००० मिलिमीटरचा. औरंगाबादकडून आलेला माल मुंबईला पाठवायचा, तर एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. १९९०च्या दशकात गेज बदलले आणि ही उतरवाउतरव संपली. लोखंड कितीही दणकट असले, तरी माप जुळले नाही की गाडी पुढे सरकत नाही, हे या गावाला कोणी शिकवावे लागत नाही.

जुनी जीप पुन्हा रस्त्यावर आणू पाहणाऱ्याला हाच धडा पहिल्या दिवसापासून लागतो. नांदगाव, येवला, चांदवड, मालेगाव या पट्ट्यात एखाद्या घराच्या मागे, लिंबाखाली, चाके जमिनीला टेकलेली जीप अजून दिसते. कधीकाळी तिने वडाप केलेले असते, कांद्याच्या गोण्या वाहिलेल्या असतात, निवडणुकीत भोंगा बांधून गावोगाव फिरलेली असते. पत्रा आणि रंग हा पुढचा भाग झाला. हा लेख तिच्या यंत्राविषयी आहे: काय तपासावे, काय वाचवावे, काय बदलावे आणि कोणत्या क्रमाने.

## अमेरिकेची गाडी, माझगावचा पत्ता

जुन्या अमेरिकन गाड्या म्हटल्या की जगभरच्या हौशी लोकांना मसल कार आठवतात. मध्यम अंगाची गाडी आणि तिच्यात बसवलेले आठ सिलिंडरचे मोठे इंजिन. १९६४ची पाँटिअॅक जीटीओ ही त्या घराण्याची सुरुवात मानली जाते. तोवर आपल्याकडे परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद झाली होती, म्हणून त्या गाड्या इथे अपवादानेच आल्या. त्याआधी मात्र मुंबईत अमेरिकन गाड्यांची चांगली वर्दळ होती. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला शेवरले जोडायला सुरुवात केली, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ जोडल्या. जनरल मोटर्सने १९५४ साली गाशा गुंडाळला.

जीप मात्र राहिली आणि खेड्यापर्यंत पोहोचली. दुसऱ्या महायुद्धात विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. १९४५ साली स्थापन झालेली महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र झाली. विलीजचे सुटे भाग पेटाऱ्यांतून आणून मुंबईत माझगावला जीप जोडण्याचे काम त्याच दशकाच्या अखेरीस सुरू झाले. विलीजने १९५३ साली आणलेले सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९६८ साली थांबले. भारतात मात्र त्याची पुढची पिढी कितीतरी वर्षे बनत राहिली. नंतरच्या जीपांना बसलेले प्यूजोचे डिझेल इंजिन आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीच्या कारखान्यात बनले. त्यामुळे अमेरिकन यंत्राची दुरुस्ती मनमाडात बसून शिकायची, तर जीप हाच सरळ रस्ता.

## बॉनेटखाली काय आहे

सीजे-३बीच्या मूळ पेट्रोल इंजिनाचे नाव हरिकेन. चार सिलिंडर, १३४ घनइंच, म्हणजे सुमारे २२०० सीसी. बोअर ३.१२५ इंच आणि स्ट्रोक ४.३७५ इंच, म्हणजे पिस्टन रुंदीच्या मानाने बराच लांब धावतो. ताकद ७० ते ७५ अश्वशक्तीच्या आसपास. आकडा छोटा वाटतो, पण लांब स्ट्रोकमुळे इंजिन कमी वेगातही जोर लावते. भरलेली जीप घाटात दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढते, ती याच गुणावर.

त्याची रचना आजच्या मेकॅनिकला थोडी बुचकळ्यात टाकते. हवा-पेट्रोल आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात, तर धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाजूला, खुद्द ब्लॉकमध्ये. युद्धातल्या जीपच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. इनटेक वर नेल्याने श्वास मोकळा झाला, पण इंजिनाची उंची वाढली. ते मावावे म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. ३बीचे तोंड जुन्या विलीजपेक्षा थोराड दिसते, त्याचे कारण हे.

क्रँक तीन मेन बेअरिंगांवर फिरतो आणि फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. एवढे पाठ असले तरी निम्मे गोंधळ टळतात.

## पहिला निर्णय: पेट्रोल की डिझेल

आपल्याकडच्या बहुतेक जीपांचे मूळ इंजिन केव्हाच निघाले आहे. पेट्रोल महागले तशी मालकांनी डिझेल इंजिने बसवली. त्यासोबत कधी गिअरबॉक्स बदलला, कधी धुरा. म्हणून पान्याला हात लावण्याआधी गाडीत आज नेमके काय आहे ते वहीत उतरवून घ्या: चासी नंबर, इंजिन नंबर, गिअर किती आणि पुस्तकात, म्हणजे आरसीवर, काय लिहिले आहे. पुस्तकात पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर ते आधीच कळलेले बरे. जीप शेतावर चालवायची की मूळ रूपात जपायची, हे इथेच ठरते. पुढचा सगळा खर्च या एका उत्तरावर अवलंबून आहे. इथून पुढचे विवेचन मूळ पेट्रोल इंजिन धरून केले आहे. मोजण्याची शिस्त डिझेललाही तीच लागते.

## सेल्फ मारण्याआधी

बरीच वर्षे उभ्या असलेल्या जीपला नवी बॅटरी लावून लगेच सेल्फ मारण्याचा मोह होतो. तो आवरा. सिलिंडरच्या भिंतींना गंज धरलेला असतो, रिंगा चिकटलेल्या असतात, आणि तशा अवस्थेत फिरवले तर रिंग तुटून बोअरवर ओरखडा उठतो.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा आणि एक-दोन दिवस मुरू द्या. मग पुढून हँडल लावून हाताने फिरवून बघा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याभोवती वळवायचा नाही. प्लग काढलेले असताना धोका नसतो, पण सवय आधीपासून हवी. चालू होताना इंजिनाने उलटी लाथ मारली, तर वळवलेला अंगठा मोडतो.

क्रँक मोकळा फिरला की कंप्रेशन मोजा. चारही सिलिंडरांच्या आकड्यांत १० पीएसआयपेक्षा जास्त फरक नसावा. एखादे सिलिंडर कमी दाखवत असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. शेजारशेजारची दोन सिलिंडरे एकदम कमी असतील, तर पॅकिंग त्या दोघांच्या मध्येच जळाले असण्याची शक्यता मोठी.

इंजिन चालू होण्याजोगे असेल तर धूरही बोलतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर पाणी आत शिरते आहे. काळा म्हणजे पेट्रोल जास्त होते आहे. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ चहासारखे दिसले, तर इंजिन लगेच बंद करा.

## आटे कोणाचे, पाना कोणाचा

इथे मनमाडच्या दोन रुळांची गोष्ट हातात येते. विलीजचे नटबोल्ट इंची मापाचे आहेत आणि आपल्या पेटीतले पाने बहुतेक मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाचे डोके म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याला १३चा पाना बसतो, पण ०.३ मिलिमीटर सैल. साध्या बोल्टला चालून जाते. गंजून घट्ट बसलेल्याला मात्र त्या सैल पान्याने जोर दिला, की डोक्याचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडीशिवाय इलाज उरत नाही.

आट्यांची चूक याहून महाग पडते. ३/८ इंची बोल्ट ९.५ मिलिमीटर जाडीचा असतो. तो हरवला म्हणून कोणी १० मिलिमीटरचा बोल्ट घेतो, पहिले दोन आटे धरतात, मग पान्याने रेटतो. बोल्ट बसल्यासारखा वाटतो. आत ब्लॉकचे आटे मेलेले असतात. जुन्या जीपमध्ये अशी भोके हमखास सापडतात. नव्याने भोक पाडून मूळ मापाचा इन्सर्ट बसवणे हा त्यावरचा योग्य उपाय आहे. एम-सील भरून वेळ मारून नेणे हा उपाय नव्हे.

म्हणून पहिली खरेदी इंची पान्यांच्या संचाची करा, दुसरी आटे मोजण्याच्या पट्टीची. प्रत्येक बोल्ट निघाला की पुठ्ठ्यावर इंजिनाचे चित्र काढून त्याच जागी खुपसून ठेवा. पुशरॉड आणि टॅपेटही ज्या जागेवरून निघाले त्याच क्रमाने ठेवायचे. एकमेकांवर झिजून त्यांची जोडी जमलेली असते.

## हेड उतरवताना: लपलेला बोल्ट

हेड नेहमी इंजिन पूर्ण गार झाल्यावर उतरवावे. बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करत यावे. या इंजिनात एक बोल्ट सहज दिसत नाही. तो कार्ब्युरेटरखाली, हवा आत जाण्याच्या वाटेतच असतो. सगळे बोल्ट निघाले आणि हेड तरी हलत नाही असे झाले, तर पहारीने उचकटण्याआधी कार्ब्युरेटर काढून आत बॅटरी मारा. तो विसरल्यामुळे हेड चिरल्याच्या गोष्टी जीपवाल्यांत जुन्या आहेत.

हेड निघाल्यावर ते आणि ब्लॉक स्वच्छ करून तडे शोधायचे. महागडे रसायन मिळाले नाही तर रॉकेल आणि खडू पुरतो. संशयाच्या जागी रॉकेल लावा, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून घ्या आणि वरून पांढरा खडू घासा. तडा असेल तर त्यात मुरलेले रॉकेल हळूहळू वर येते आणि खडूवर केसासारखी ओली रेघ उमटते. व्हॉल्व्हची सीट आणि बोअर यांच्या मधली पट्टी विशेष नीट पाहा. सर्वात जास्त ताप तिलाच सोसावा लागतो.

त्यानंतर सरळ धारेची पोलादी पट्टी हेडवर आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालून फिलर गेज सरकतो का ते बघायचे. हेड वाकले असेल तर मशिनवर पातळ थर काढून सपाट करून घ्यावे लागते.

## बोअर आणि क्रँक: थाऊची भाषा

मशिन शॉपमध्ये शिरलात की कानावर थाऊ हा शब्द पडतो. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ, मिलिमीटरमध्ये ०.०२५. डोक्याचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. या इंजिनाचे सगळे सुखदुःख दोन-पाच थाऊंच्या आतबाहेर ठरते.

बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथवर पोहोचते तिथे झीज सर्वात जास्त, तळाशी जवळपास नाही. शिवाय पिस्टन ज्या बाजूंना दाबला जातो, त्या बाजू जास्त खातात आणि गोल भोक किंचित लंबगोल होते. म्हणून वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, असे सहा आकडे एका सिलिंडरचे घ्यायचे. वरच्या आणि खालच्या मापात पाच थाऊंहून जास्त फरक आला, तर नुसत्या नव्या रिंगा टाकण्यात अर्थ नाही. रिबोरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागतात. आधी पिस्टन हातात घ्या, ते मोजा, मगच त्या मापाला बोअर करायला द्या. उलट क्रमाने केले तर पिस्टन सैल बसतो किंवा अडकतो. पिस्टन आणि भिंत यांच्यामध्ये तीन थाऊची लांब फिलर पट्टी घातली, तर ती घसटत निघावी; अडकू नये आणि सुळकन निसटूही नये.

क्रँकचेही तसेच. जर्नलवर नख फिरवा. नख अडकेल अशी रेघ असेल, तर ग्राइंडिंग अटळ. दहा, वीस किंवा तीस थाऊ उतरवून त्याच अंडरसाइजचे बेअरिंग घालतात. जुन्या इंजिनात आधीच कोणी वीस थाऊ उतरवलेले असू शकते, म्हणून जुन्या बेअरिंगच्या पाठीवरचा आकडा वाचल्याशिवाय नवे मागवू नका. क्रँक ग्राइंड करून आला की त्याची ऑइलची भोके तारेने आणि हवेने साफ करा. ग्राइंडिंगची भुकटी आत राहिली, तर नवी बेअरिंगे पहिल्याच फेरीत खराब होतात.

## व्हॉल्व्ह बसवणे: हाताने करण्याचे काम

सगळी कामे मशिनवर होत नाहीत. व्हॉल्व्ह आणि सीट एकमेकांवर बसवण्याचे शेवटचे काम आजही हातानेच करतात. सीट कापून झाली की व्हॉल्व्हच्या काठावर ग्राइंडिंग पेस्टचा बारीक थेंब लावायचा, लाकडी दांड्याची रबरी टोपी व्हॉल्व्हला चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांत दांडा धरून रवीसारखा घुसळायचा. दर आठ-दहा घुसळण्यांनंतर व्हॉल्व्ह उचलून थोडा फिरवून पुन्हा ठेवायचा. आधी करकर आवाज येतो, मग तो मऊ होत जातो. पुसून बघितले की काठावर सगळीकडे सारख्या रुंदीची, मॅट राखाडी पट्टी दिसली पाहिजे. ती कुठे तुटली असेल, तर धूर तिथूनच निसटणार. खात्रीसाठी व्हॉल्व्ह जागी बसवून वर पेट्रोल ओता. थेंबही झिरपला नाही, तर काम झाले.

या इंजिनात गार असताना इनटेकची फट १८ थाऊ आणि एक्झॉस्टची १६ थाऊ ठेवतात. टॅपेटचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून फट कमी करणारे बरेच जण भेटतात. इंजिन शांत होते खरे, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गरम होऊन लांबला की सीटवर पूर्ण टेकत नाही आणि जळतो. थोडी टकटक चालेल, जळलेला व्हॉल्व्ह चालणार नाही.

## पाणी: मनमाडचे जुने दुखणे

वाघदर्डी धरणाकडे डोळे लावून बसणाऱ्या गावाला पाण्याची किंमत सांगायला नको. जीपच्या इंजिनाला मात्र पाण्याचा गुण जास्त महत्त्वाचा. टंचाईत रेडिएटरमध्ये जे मिळेल ते ओतले जाते, बहुधा बोअरवेलचे. त्यातले क्षार चहाच्या भांड्यात साचतात तसेच ब्लॉकच्या आतल्या भिंतींवर आणि रेडिएटरच्या नळ्यांत साचतात. हा थर उष्णता अडवतो. बाहेरून रेडिएटर भरलेला दिसतो आणि आत इंजिन तापत राहते.

ब्लॉक मशिन शॉपमध्ये असतानाच त्याच्या बाजूच्या पत्र्याच्या चकत्या, म्हणजे कोअर प्लग, काढून आतला गाळ खरवडून घ्या. पंपापासून सर्वात लांब, मागच्या बाजूला तो जास्त असतो. चकत्या नव्याच घाला. रेडिएटर साफ होत नसेल तर तांब्या-पितळेचा मूळ साचा ठेवून नुसता कोअर बदलून मिळतो. भरताना डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरा.

दोन सवयी सोडून द्याव्या लागतील. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पहिली. त्याने इंजिन कायम गार राहते, ऑइलमध्ये ओल साचते, बोअर लवकर झिजतो आणि तापण्याचे खरे कारण जागच्या जागी राहते. दुसरी, उकळलेल्या इंजिनात गार पाणी ओतण्याची. तापलेल्या ओतीव लोखंडाला त्याहून मोठा घाव नाही.

## धूळ आणि पेट्रोल

उन्हाळ्यात अंकाई-टंकाईच्या पायथ्याकडून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर जीपमागे उठणारा धुरळा पाहिला, की एअर फिल्टरचे महत्त्व कळते. जुन्या जीपला ऑइल बाथ फिल्टर असतो. हवा आधी ऑइलच्या वाटीवरून वळते, जड धूळ तिथेच राहते, उरलेली ओल्या जाळीत अडकते. वाटीत खूण आहे तिथपर्यंतच ऑइल भरायचे आणि तळाशी चिखल दिसला की बदलायचे. फिल्टरपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा रबरी पाइप चिरलेला असेल, तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते आणि नुकत्याच केलेल्या बोअरला पॉलिश पेपरसारखी घासते.

मनमाडजवळच्या पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत आणि मुंबईहून इंधनाची पाइपलाइन इथवर येते, म्हणून पेट्रोलचा तुटवडा नाही. पण आजच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ही जीप त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल जुने रबर फुगवते, हवेतली ओल ओढून घेते, आणि टाकीतला गंज सुटा होऊन पुढे येतो. पंपाचा डायफ्रॅम आणि सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला, टाकी आतून साफ करा, वाटेत पारदर्शक फिल्टर लावा. जीप महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. त्याचे जेट तारेने कोरू नका. भोक किंचित मोठे झाले तरी हिशेब बिघडतो. हवेच्या झोताने साफ करा.

इग्निशनमध्ये पॉइंटची फट २० थाऊ, प्लगची ३०. डिस्ट्रिब्युटर या इंजिनात ऑइल पंपाच्या शाफ्टवरून फिरतो. पंप काढून परत बसवताना शाफ्टची खाच दाताने पुढे-मागे झाली, की टायमिंग चुकते आणि दोष कार्ब्युरेटरच्या माथी मारला जातो.

## गिअर आणि धुरे: दात मोजा

गिअरबॉक्स तीन गिअरचा, त्याच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे फोर व्हीलचा गिअर. इथला नेहमीचा आजार म्हणजे मधल्या शाफ्टची झिजलेली बेअरिंगे आणि सुटणारा गिअर. घाटात उतरताना गिअर आपोआप न्यूट्रलला आला, तर ते ड्रायव्हरच्या सवयीवर ढकलू नका. केस उघडा.

धुऱ्यांचे काम सर्वात सोपे आणि सर्वात दुर्लक्षित. मूळ धुऱ्यात लहान गिअरला ८ दात आणि मोठ्याला ४३, म्हणजे गुणोत्तर ५.३८. डिझेल बसवताना कोणी फक्त मागचा धुरा बदललेला असेल, तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या हिशेबाने फिरू पाहतात. टू व्हीलमध्ये काही कळत नाही. फोर व्हील टाकले की ट्रान्सफर केसच्या आत दोन बैल दोन दिशांना ओढू लागतात आणि कशाचा तरी दात पडतो. म्हणून दोन्ही धुऱ्यांची झाकणे उघडून दात मोजा. दोन्ही सारखे असले तरी कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकू नये.

## ब्रेक आणि स्टिअरिंग: इथे काटकसर नको

या जीपला चारही चाकांना ९ इंची ड्रम ब्रेक आणि एकच हायड्रॉलिक वाट. एक पाइप फुटला, की पेडल थेट तळाला. हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो. मास्टर सिलिंडर पायाखाली, फळीच्या खाली असल्याने तिथे चिखल आणि पाणी दोन्ही साचते.

ब्रेक फ्लुइड ओल शोषते आणि व्हील सिलिंडरला आतून खड्डे पडतात. हलके खड्डे होनिंगने जातात. खोल असतील तर सिलिंडर बदला किंवा आत पितळी स्लीव्ह बसवून घ्या. रबरी वॉशर कधीही पेट्रोल, रॉकेल किंवा ग्रीसने धुवू नका. ते फुगतात आणि ब्रेक पकडून राहतात. ब्रेक फ्लुइडनेच धुवा. स्टीलचे पाइप सगळे नवे घाला. जुन्या शूच्या लाइनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ड्रममधली भुकटी हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा.

स्टिअरिंगचे चाक वितभर फिरवल्याशिवाय जीप वळत नसेल, तर सगळे स्टिअरिंग बॉक्सला जातात. आधी पुढच्या मधल्या बेल क्रँकचा बुश बघा. तिथे थोडी ढील असली, की चाकापर्यंत पोहोचताना ती मोठी होते. मग टाय रॉडची टोके, किंगपिनची बेअरिंगे, शेवटी बॉक्स. पाट्यांचे शॅकल आणि बुशही याच वेळी बदला.

## भाग कुठून, मशिन कुठे

मनमाडात रेल्वेचा पुलांचे गर्डर बनवणारा कारखाना आहे, त्यामुळे फिटर आणि वेल्डर हे शब्द इथे घरचे आहेत. साधे लेथकाम गावातच होते. क्रँक ग्राइंडिंग आणि बोअरसाठी मालेगाव किंवा नाशिकच्या सातपूर-अंबडपर्यंत जावे लागते. जुन्या भागांसाठी मुंबईचा चोरबाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीचे काश्मिरी गेट, तर जीपच्या बॉडीकामासाठी पंजाब-हरियाणाच्या सीमेवरची डबवाली ही नावे हौशी लोकांना पाठ असतात.

नवा भाग नेहमी चांगला असतोच असे नाही. मूळ ओतीव हाउसिंग, क्रँक, कनेक्टिंग रॉड, गिअर हे झिजलेले नसतील तर वाचवा. त्यांचे लोखंड चांगले आहे. रबर, सील, बेअरिंगे, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग मात्र न रडता बदला. बाजारातून आणलेला प्रत्येक भाग बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवून मोजा.

## कागद

नांदगाव तालुक्यातल्या गाड्यांना एमएच ४१, म्हणजे मालेगावची नोंद. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. इंजिन बदलले असेल तर ते आरसीवर चढवलेच पाहिजे.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, बिगरव्यापारी दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद मिळते. नंबरात व्हीए ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, नूतनीकरणाचे ५ हजार, मुदत १० वर्षे. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी यात बसत नाही. पेट्रोल की डिझेल हा पहिल्या दिवशीचा प्रश्न इथे पुन्हा समोर येतो.

## पहिले हजार किलोमीटर

जोडणी करताना प्रत्येक बेअरिंग आणि रिंगेला स्वच्छ ऑइल लावा. हेडचे बोल्ट मध्यापासून कडेकडे, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने ६० ते ७० फूटपौंडांपर्यंत आवळा. सुरू करण्याआधी प्लग काढून सेल्फवर फिरवा आणि ऑइलचा काटा उठलेला पाहा. काटा उठला नाही, तर पुढे जाऊ नका.

पहिले हजार किलोमीटर ताशी ६०च्या आत, पण एकाच वेगाने सतत नाही. पाचशेला ऑइल बदला. गरम-गार होऊन पॅकिंग बसले, की हेडचे बोल्ट पुन्हा तपासा. कार्ब्युरेटरखालचा तो बोल्टही. त्यासाठी कार्ब्युरेटर पुन्हा काढावा लागला तरी.

आणि ती पहिल्या दिवशी सुरू केलेली वही. बोअर किती थाऊ मोठा केला, क्रँक किती उतरवला, बेअरिंगे कोणत्या मापाची, धुऱ्याला दात किती, कोणत्या भोकात इन्सर्ट आहे, सगळे तिच्यात असेल. तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डाव्या सीटखालच्या अवजारांच्या पेटीत ठेवा. पुढच्या वेळी हे हेड उघडणारा माणूस कदाचित दुसराच कोणी असेल. त्याला अंदाज करावा लागणार नाही.